हॅरॉल्ड ब्लॅक : अॅम्प्लिफायरचा फाटका आवाज सुधारणारे अभियंते



थोर शास्त्रज्ञांच्या आणि संशोधकांच्या चरित्रमालेत आज आपण एका अमेरिकन अभियंत्याची ओळख करून घेणार आहोत. त्यांचं नाव हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक. एडिसन किंवा ग्रॅहम बेल यांच्यासारखं हे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. पण इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. आणि घरातला टीव्ही, रेडिओ, म्युझिक सिस्टिम यातून आवाज स्वच्छ येतो, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

हे चरित्र निवडायला आणखी एक कारण आहे. गाण्याची आवड असलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. घरचा अॅम्प्लिफायर जुना झाला, आता भारीतला घेऊ या का? घेतला तर गाणं खरंच जास्त चांगलं ऐकू येईल का? दुकानदार हो म्हणतो, जाहिरात हो म्हणते. पैसे तर आपल्या खिशातले जातात! या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ब्लॅक यांच्या आयुष्यात सापडतं. चला तर मग, सुरुवातीपासून पाहू.

आधी थोडं समजून घेऊ : अॅम्प्लिफायर म्हणजे काय?

अॅम्प्लिफायरला मराठीत विवर्धक म्हणतात. मोबाइलमधून किंवा माइकमधून येणारा विद्युत संदेश अगदी क्षीण असतो. त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. म्हणून तो संदेश मोठा करून स्पीकरला द्यावा लागतो. हे काम अॅम्प्लिफायर करतो.

आता चांगला अॅम्प्लिफायर कोणाला म्हणायचं? जे आत आलं तेच, जसंच्या तसं, फक्त मोठं करून बाहेर देतो त्याला. त्याने स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. गोडवा गायकाच्या गळ्यात असतो, अॅम्प्लिफायरने तो फक्त पोहोचवायचा. पण अॅम्प्लिफायर काही ना काही गडबड करतोच. मूळ लहरीचा आकार बदलतो. याला शास्त्रात विकृती म्हणतात. आपण बोलीभाषेत म्हणतो, आवाज फाटतो. ही विकृती घालवण्यासाठी ब्लॅक यांनी आपल्या तरुणपणाची कितीतरी वर्षं घालवली.

जन्म, शिक्षण आणि पहिली नोकरी

हॅरॉल्ड ब्लॅक यांचा जन्म १४ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेमिन्स्टर या गावी झाला. हे गाव तेव्हा कंगवे बनवण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं. पुढे त्यांनी त्याच राज्यातल्या वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि १९२१ मध्ये पदवी मिळवली.

त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला लागले. ही कंपनी अमेरिकेच्या प्रचंड मोठ्या बेल टेलिफोन व्यवस्थेचा भाग होती. १९२५ मध्ये तिच्या अभियांत्रिकी विभागातूनच जगप्रसिद्ध बेल लॅबोरेटरीज ही संशोधन संस्था उभी राहिली.

सुरुवात मात्र काही फार गोड झाली नाही बरं का. नोकरीला लागून सहा महिने होतात न होतात तोच सोबतच्या जवळजवळ सगळ्यांना दहा टक्के पगारवाढ मिळाली, पण ब्लॅक यांना मिळाली नाही. तरुण वय, नवीन नोकरी, मन खट्टू होणारच. नोकरी सोडून धंदा करावा असा विचार त्यांच्या मनात आला. पण त्यांनी वेगळाच मार्ग धरला. आपल्याला या कामातलं पुरेसं कळत नाही ना, मग आधी सगळं शिकून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. रविवारी कार्यालयात जाऊन ते कंपनीच्या जुन्या फायली वाचू लागले. सुरुवात केली ती १८९८ सालच्या कागदपत्रांपासून, म्हणजे स्वतःच्या जन्मवर्षापासून! आधीच्या माणसांनी काय काय करून पाहिलं, कुठे अडलं, हे सगळं त्यांनी रविवारी बसून वाचून काढलं.

मुलांनो, पगारवाढ न मिळालेला माणूस सुट्टीच्या दिवशी जास्तीचं काम करतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पुढे जे घडलं त्याचं मूळ या वाचनात आहे.

हजार अॅम्प्लिफायरची रांग

त्या काळी अडचण काय होती ते पाहू. अमेरिका देश अवाढव्य. पूर्व किनाऱ्यावरचं न्यूयॉर्क आणि पश्चिम किनाऱ्यावरचं सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारी टेलिफोन लाइन १९१५ मध्ये सुरू झाली होती. तारेतून जाताना आवाज क्षीण होत जातो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी अॅम्प्लिफायर बसवावे लागत. एक क्षीण झालेला आवाज मोठा करणार, पुढे पाठवणार, दुसरा पुन्हा मोठा करणार.

हे अॅम्प्लिफायर तेव्हा काचेच्या निर्वात नळ्यांचे असत. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, त्यांनी तशा नळ्या पाहिल्या असतील. या नळ्या आवाज मोठा करत, पण थोडा फाडतही असत.

कानगोष्टींचा खेळ आठवा. पहिल्या मुलाच्या कानात एक वाक्य सांगायचं आणि विसाव्या मुलाने ते मोठ्याने म्हणायचं. प्रत्येक जण थोडीशीच चूक करतो. पण शेवटी जे बाहेर येतं ते ऐकून सगळा वर्ग हसतो. टेलिफोनच्या तारेवर तेच होत होतं. एका अॅम्प्लिफायरची चूक चालून गेली असती, पण एकामागे एक लावले की चुकांची बेरीज होई.

त्यात कंपनीला एकाच तारेतून एकाच वेळी अनेक संभाषणं पाठवायची होती. तसं केलं की अॅम्प्लिफायरच्या विकृतीमुळे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळू लागे. ब्लॅक यांनी तर फार पुढचा विचार केला. हजारो मैलांची लाइन, तिच्यावर हजारो संभाषणं आणि वाटेत सुमारे हजार अॅम्प्लिफायर! हे जमायचं असेल तर प्रत्येक अॅम्प्लिफायरची विकृती आहे त्याच्या कितीतरी पट कमी व्हायला हवी होती.

सगळे नळी सुधारत होते

या अडचणीवर सगळ्यांना सुचणारा उपाय एकच होता : जास्त चांगली नळी बनवा. ब्लॅक यांचाही पहिला प्रयत्न त्याच दिशेने होता. नळी सुधारली, विकृती थोडी कमी झाली. आणखी सुधारली, आणखी थोडी कमी झाली. पण हवी होती त्याच्या जवळपासही पोहोचेना.

इथे थोडं थांबून विचार करा. आज घरचा अॅम्प्लिफायर बदलताना आपण काय करतो? यापेक्षा भारी, त्यापेक्षा भारी, असं एकेक पायरी वर चढत जातो. भारी वस्तू आणली की आवाज आपोआप सुधारेल असं आपल्याला वाटतं. शंभर वर्षांपूर्वी हुशार अभियंतेही असाच विचार करत होते.

मार्च १९२३ मध्ये ब्लॅक एका व्याख्यानाला गेले. वक्ते होते चार्ल्स स्टाइनमेट्झ, त्या काळचे विजेच्या शास्त्रातले फार मोठे नाव. कितीही गुंतागुंतीचा प्रश्न असो, स्टाइनमेट्झ थेट त्याच्या मुळाशी जात. ते ऐकून ब्लॅक भारावून गेले. मध्यरात्र उलटल्यावर घरी आले आणि स्वतःचा प्रश्न नव्याने मांडायला बसले.

आतापर्यंत ते विचारत होते, नळी निर्दोष कशी करू? त्या रात्री त्यांनी प्रश्नच बदलला. नळी सदोष आहे आणि सदोषच राहणार, हे मान्य करून टाकलं. मग तिच्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजातून फक्त दोष तेवढा बाजूला कसा काढू, हा नवा प्रश्न.

उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं. बाहेर आलेला मोठा संदेश मूळ संदेशाएवढा लहान करायचा आणि त्यातून मूळ संदेश वजा करायचा. उरेल काय? फक्त विकृती! मग ही उरलेली विकृती दुसऱ्या अॅम्प्लिफायरने मोठी करून मुख्य आवाजातून वजा करायची. गणिताच्या तासाला आपण ताळा करतो, तसाच हा प्रकार. त्यांनी प्रयोगशाळेत तो करून पाहिला आणि तो चालला.

पण एक मोठी कटकट होती. दोन्ही अॅम्प्लिफायर अगदी तंतोतंत जुळलेले असावे लागत. नळ्यांचा विद्युतप्रवाह जरा बदलला की वजाबाकी चुके. दर तासाला कोणीतरी उठून ती जुळणी पुन्हा करायची! देशभर पसरलेल्या शेकडो अॅम्प्लिफायरजवळ रात्रंदिवस माणूस कोण बसवणार? उत्तर बरोबर होतं, पण कामाचं नव्हतं. ब्लॅक यांनी पुढची चार वर्षं त्यावर डोकं घासलं.

२ ऑगस्ट १९२७ : बोटीवरची ती सकाळ

ब्लॅक न्यू जर्सीत राहत आणि रोज सकाळी हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर जात. लॅकावाना नावाच्या कंपनीच्या बोटी होबोकेनहून मॅनहॅटनला जात. २ ऑगस्ट १९२७ रोजी, मंगळवारी सकाळी, ते नेहमीप्रमाणे बोटीवर उभे होते. आणि अचानक त्यांना उत्तर सुचलं.

जवळ वही नव्हती. हातात त्या दिवशीचं न्यूयॉर्क टाइम्स होतं. त्याच्या एका पानावरच्या मोकळ्या जागेत त्यांनी आकृती काढली, समीकरण लिहिलं आणि खाली सही केली. काही मिनिटांत बोट किनाऱ्याला लागली. कार्यालयात पोहोचताच त्यांनी ते पान एका सहकाऱ्याला समजावून सांगितलं आणि साक्षीदार म्हणून त्याचीही सही घेतली. शोध कोणी आणि कधी लावला याचा पुरावा ठेवण्याची ही पद्धत. वर्तमानपत्राचं ते पान पुढे फार प्रसिद्ध झालं.

काय होतं त्या आकृतीत? अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडलेल्या संदेशाचा एक छोटा हिस्सा परत मागे आणायचा आणि तो उलटा करून आत येणाऱ्या संदेशात मिसळायचा. बस्स, एवढंच! याला निगेटिव्ह फीडबॅक किंवा ऋण प्रत्याभरण म्हणतात.

याने होतं काय, ते एका साध्या खेळातून समजेल. मुलाला डोळे मिटून फळ्यावर सरळ रेघ ओढायला सांगा. रेघ वाकडी जाणार. आता डोळे उघडे ठेवून ओढू द्या. हात तोच, खडू तोच, पण रेघ बरीच सरळ येते. कारण हात जरा वर गेला की डोळे बघतात आणि हात लगेच खाली येतो. ब्लॅक यांनी अॅम्प्लिफायरला जणू डोळे दिले. आपण बाहेर काय पाठवतो आहोत हे तो स्वतः तपासू लागला आणि चूक झाली की तिथल्या तिथे सुधारू लागला. दर तासाला माणूस उठायची गरज संपली.

थोडं गणित करू

सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित सहज जमेल. समजा एक अॅम्प्लिफायर संदेश १०,००० पट मोठा करतो. त्याच्या बाहेरच्या संदेशाचा शंभरावा भाग आपण उलटा करून मागे आणला. मग त्याचं नवीन वर्धन असं काढतात :

१०,००० ÷ (१ + १०,००० × १/१००) = १०,००० ÷ १०१ = ९९.०१ पट

आता नळी जुनी झाली आणि तिची ताकद थेट निम्मी झाली, म्हणजे ५,००० पट उरली. तर?

५,००० ÷ (१ + ५,००० × १/१००) = ५,००० ÷ ५१ = ९८.०४ पट

बघा गंमत! आतली ताकद निम्मी झाली, पण बाहेरच्या आवाजात फक्त एक टक्क्याच्या आसपास फरक पडला. विकृतीही अशीच, जवळपास शंभर पटीने कमी होते. अर्थात यासाठी किंमत मोजावी लागली. १०,००० पटीचा अॅम्प्लिफायर आता फक्त ९९ पटीचा राहिला. ब्लॅक यांनी ताकद दिली आणि शुद्धता घेतली. ताकद काय, आणखी एक नळी लावली की मिळते. शुद्धता तशी मिळत नव्हती.

२९ डिसेंबर १९२७ रोजी प्रयोगशाळेतल्या चाचणीत त्यांच्या अॅम्प्लिफायरची विकृती एक लाख पटीने कमी झालेली दिसली.

कोणाला पटेना!

एवढा मोठा शोध लागल्यावर सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तसं झालं नाही.

अॅम्प्लिफायरचं काम ताकद वाढवणं, आणि हा माणूस मिळवलेली ताकद मुद्दाम फेकून देतो आहे! बऱ्याच अभियंत्यांना हे वेडेपणाचं वाटलं. संशोधन विभागाचे प्रमुख हॅरॉल्ड आर्नल्ड यांनी तर हा अॅम्प्लिफायर स्वीकारलाच नाही आणि ब्लॅक यांना नेहमीच्या पद्धतीचे अॅम्प्लिफायर बनवायला सांगितलं. आर्नल्ड काही साधे अधिकारी नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लाइनसाठी उपयोगी पडलेली निर्वात नळी सुधारण्यात त्यांचा मोठा हात होता. म्हणजे विषयातला जाणकार माणूससुद्धा चकला.

शंकेला एक रास्त कारणही होतं. कार्यक्रमात माइक स्पीकरसमोर गेला की कर्कश शिट्टी वाजते, ती सगळ्यांनी ऐकली आहे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं फिरत राहतं. म्हणजे परत आलेला आवाज सरळ मिसळला तर शिट्टी वाजते. उलटा मिसळला तर सुधारणा होते. पण उलटा पाठवलेला संदेश वाटेत उशीर होऊन सरळ झाला तर? मग पुन्हा शिट्टीच! हे कधी होईल आणि कधी होणार नाही याचा नेमका नियम बेल लॅबोरेटरीजमधल्याच हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला. त्यानंतर अभियंत्यांना या पद्धतीचा भरवसा वाटू लागला.

पेटंटची कथा तर याहून लांब. अर्ज केला ८ ऑगस्ट १९२८ ला. पेटंट मिळालं २१ डिसेंबर १९३७ ला. नऊ वर्षांहून जास्त काळ! ब्रिटनच्या पेटंट कार्यालयाने तर हा अर्ज, इंधनाशिवाय कायम चालणाऱ्या यंत्राचे अर्ज जसे बाजूला ठेवतात, तशा नजरेने पाहिला. ब्लॅक यांनी वाद घालण्यापेक्षा चालणारं यंत्र दाखवण्यावर भर दिला. १९३० मध्ये न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन इथे असे सुमारे ७० अॅम्प्लिफायर वापरून प्रत्यक्ष केबलवर चाचणी झाली. जानेवारी १९३४ मध्ये बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. पुढे दूर अंतराच्या टेलिफोन व्यवस्थेत ही पद्धत रुळली.

टेलिफोनमधून घरातल्या दिवाणखान्यात

ब्लॅक यांनी घरच्या गाण्यांसाठी अॅम्प्लिफायर बनवला नव्हता. पण तार टेलिफोनची असो की गाण्याची, विकृती तीच. त्यामुळे त्यांची युक्ती लवकरच संगीताच्या यंत्रात आली.

एप्रिल १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या वायरलेस वर्ल्ड या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण अभियंत्याने घरगुती अॅम्प्लिफायरची एक रचना छापली. ताकद १५ वॅट आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत. त्यात निगेटिव्ह फीडबॅकचा भरपूर वापर होता. जगभरातल्या हौशी लोकांनी मासिकातली आकृती बघून तो घरी बनवला. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग छोट्या चिप आल्या. ब्लॅक यांची युक्ती मात्र राहिली. आज मध्यम किमतीच्या नीट बनवलेल्या अॅम्प्लिफायरची विकृतीही ०.१ टक्क्याहून बरीच कमी असू शकते.

आता तुलना करा. स्पीकर म्हणजे कागदाचा किंवा प्लास्टिकचा थरथरणारा पडदा. मोठ्या आवाजात, ढोलकी-तबल्याच्या खालच्या सुरात, चांगल्या स्पीकरची विकृतीही एक टक्का किंवा त्याहून जास्त होते. म्हणजे अॅम्प्लिफायरच्या दहापट, कधी शंभरपट. घरातल्या उघड्या भिंतींवरून आवाज आपटतो तो आणखी वेगळा. पाण्याच्या टाकीत गाळ असताना नळाची तोटी सोन्याची बसवून काय उपयोग?

मग नवा अॅम्प्लिफायर घ्यावा की नाही?

जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू या मासिकाने याची जाहीर परीक्षा घेतली. सुमारे दोनशे डॉलरपासून बारा हजार डॉलरपर्यंतचे सहा अॅम्प्लिफायर, सगळ्यांचा आवाज सारखा लावलेला आणि कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये भारी अॅम्प्लिफायरच्या बाजूने ठामपणे बोलणारेही होते. निकाल काय लागला? छापा-काटा केल्यावर जेवढी उत्तरं बरोबर येतील, साधारण तेवढीच बरोबर आली. साठ वर्षांपूर्वी बोटीवर सुचलेली युक्ती किती पक्की होती, हे यातून दिसतं.

पण याचा अर्थ अॅम्प्लिफायर कधीच बदलू नये असा नाही. पुढील वेळी बदलल्याने फरक नक्की पडतो :

१. ताकद कमी पडत असेल तर. खोली मोठी, स्पीकर जड, आणि आवाज वाढवला की तो फाटतो. अॅम्प्लिफायर स्वतःच्या ताकदीपलीकडे गेला की लहरीचे शेंडे कापले जातात. तिथे फीडबॅकही काही करू शकत नाही. अशा वेळी स्पीकरही जळू शकतो.

२. गाणं बंद असताना गुणगुण किंवा खरखर ऐकू येत असेल तर. जुन्या यंत्रातले कपॅसिटर वयाने खराब होतात. कधी कधी दुरुस्तीतच काम होतं.

३. स्पीकर ४ ओहमचे आणि अॅम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरसाठीच बनवलेला असेल तर.

४. काही नळ्यांच्या अॅम्प्लिफायरमध्ये फीडबॅक मुद्दाम कमी ठेवतात. त्यांचा आवाज वेगळा लागतो आणि काहींना तो आवडतोही. आवड आपापली. पण तो मूळ आवाजात बदल आहे, सुधारणा नव्हे, एवढं लक्षात ठेवावं.

वॅटच्या आकड्यांनीही भुलू नका. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट वाटत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते, म्हणजे ५०० वॅट! घरात शांतपणे गाणी ऐकताना तर एखादा वॅटसुद्धा पुष्कळ होतो.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोन यंत्रांची तुलना करताना ज्याचा आवाज किंचित मोठा असतो, तो कानाला जास्त चांगला वाटतो. दुकानात नव्या यंत्राचा आवाज थोडा चढा ठेवला की आपण फसलोच. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. मग डोळे मिटून बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी यंत्र बदलायला सांगा. ओळखता आलं नाही तर पैसे वाचले! वाचलेल्या पैशांतून चांगले स्पीकर घ्या. स्पीकरची जागा बदलून बघा, खोलीत जाड पडदा किंवा सतरंजी टाकून बघा. याचा फरक घरातल्या आजीलासुद्धा कळेल.

पुढचं आयुष्य

हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९६३ पर्यंत बेल लॅबोरेटरीजमध्ये काम केलं. आवाजाचं आकड्यांत रूपांतर करून तो पाठवण्याच्या पद्धतीवरही त्यांनी काम केलं आणि १९५३ मध्ये संदेशवहनाच्या सिद्धांतावर एक ग्रंथ लिहिला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांच्या नावाचा समावेश झाला. ११ डिसेंबर १९८३ रोजी न्यू जर्सीतल्या समिट इथे, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

तोवर त्यांची युक्ती टेलिफोनच्या तारेबाहेर पार दूर गेली होती. मोजमापाची यंत्रं, कारखान्यातली स्वयंचलित यंत्रणा, रुग्णालयातली उपकरणं, सगळीकडे तिचा वापर होऊ लागला. बाहेर काय गेलं ते पाहा, चूक मोजा आणि आत सुधारा, हा एकच साधा विचार.

या चरित्रातून काय घ्यायचं?

पगारवाढ नाकारली गेली तेव्हा ब्लॅक यांनी कंपनीला नावं ठेवत बसण्याऐवजी जुन्या फायली उघडल्या. भारी नळी मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. आहे त्या सदोष नळीतून निर्दोष काम करून घेतलं. घरात नवीन वस्तू आणायच्या आधी आपणही हाच प्रश्न विचारायला हवा. नेमका दोष कुठे आहे? दोष स्पीकरमध्ये असेल तर अॅम्प्लिफायर बदलून तो जाणार नाही. आणि दोषच नसेल, तर नव्या यंत्राने सुधारायचं तरी काय?

स्वाध्याय

१. ब्लॅक यांनी १९२३ साली आपला मूळ प्रश्न कसा बदलला? तुमच्या शब्दांत लिहा.

२. वरच्या गणितात नळीची ताकद २,००० पट उरली, तर फीडबॅकसह वर्धन किती येईल? (उत्तर : २,००० ÷ २१ = ९५.२४ पट)

३. माइकची शिट्टी आणि निगेटिव्ह फीडबॅक यांत फरक काय?

४. उपक्रम : घरातल्या स्पीकरची जागा तीन वेळा बदला. कोपऱ्यात, भिंतीजवळ आणि भिंतीपासून दोन फुटांवर. एकच गाणं, एकाच आवाजात लावा. काय फरक जाणवतो ते घरातल्या दोघांना विचारून वहीत नोंदवा.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या गटात जरूर पाठवा. पुढच्या चरित्रासह लवकरच भेटू.